डिस्क, स्टोरेज आणि परवानग्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणाऱ्या मेसेजांमधून हे पान हळूहळू जमत गेलं. विचारणारे बहुतेक जण नागपूरच्या मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांत नव्याने लागलेले. काही जण पतसंस्थेचा किंवा दवाखान्याचा सर्व्हर एकट्याने सांभाळणारे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं मुख्यतः लिनक्सच्या अंगाने आहेत, विंडोजसाठी प्रश्न १२ पाहा.

१. डिस्क, व्हॉल्यूम, फाइल सिस्टीम हे सगळं एकच ना?

नाही. नागपुरात राहता तर लेआउट डोळ्यांपुढे आणा. शेतजमीन म्हणजे डिस्क. दोन-तीन शेतं एकत्र करून पाडलेला लेआउट म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप. त्यातला एक प्लॉट म्हणजे व्हॉल्यूम. प्लॉटवर बांधलेलं घर म्हणजे फाइल सिस्टीम, घरातल्या खोल्या म्हणजे डिरेक्टरी आणि कपाटातलं सामान म्हणजे फाइली. घर बांधल्याशिवाय सामान ठेवता येत नाही, तसं फाइल सिस्टीम केल्याशिवाय व्हॉल्यूमवर फाइल ठेवता येत नाही. काही डेटाबेस मात्र घर न बांधता मोकळ्या प्लॉटवरच आपला संसार मांडतात.

हे चित्र पक्कं करून घ्या, कारण परवानग्यांचा सगळा गुंता इथून सुरू होतो. घराला कुलूप लावणं हा एक अधिकार, लेआउटचा नकाशा बदलणं हा दुसरा. नकाशा बदलणाऱ्याला तुमच्या किल्लीची गरजच नसते, तो भिंतींसकट अख्खा प्लॉट पुसू शकतो. फाइलच्या परवानग्या पहिल्या जातीच्या आहेत, डिस्कच्या परवानग्या दुसऱ्या. पुढची बरीच उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

२. मुलाखतीत पीव्ही, व्हीजी, एलव्ही विचारतात. सोप्या भाषेत सांगा ना.

लिनक्सच्या एलव्हीएममध्ये, म्हणजे डिस्क जोडून त्यांचे हवे तसे तुकडे पाडणाऱ्या सोयीत, डिस्कवर एक लेबल लिहिलं की ती फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे पीव्ही होते. अनेक पीव्ही एकत्र केले की व्हॉल्यूम ग्रुप. त्यातून कापलेला तुकडा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. कापताना माप एक्स्टेंटमध्ये चालतं आणि सांगितलं नाही तर एक्स्टेंट ४ एमआयबीचा (१०२४ च्या पटीत मोजलेले एमबी) धरला जातो. म्हणून तुम्ही १०१ एमआयबी मागितले तर १०४ मिळतात.

व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजर हे एलव्हीएमसारखंच दुसरं सॉफ्टवेअर असलेल्या जागी शब्द बदलतात. तिथे ग्रुपला डिस्क ग्रुप म्हणतात, डिस्कच्या सलग तुकड्याला सबडिस्क, आणि डेटाच्या एका पूर्ण प्रतीला प्लेक्स. व्हॉल्यूमचे दोन प्लेक्स म्हणजे मिरर. डिस्क ग्रुप एका सर्व्हरवरून डिपोर्ट करून दुसऱ्यावर इम्पोर्ट करता येतो, आणि क्लस्टरसाठी मुद्दाम सामायिक केलेला नसेल तर तो एका वेळी एकाच सर्व्हरकडे असायला हवा. जबरदस्तीने दोन्हीकडे इम्पोर्ट केला तर दोन घरमालक एकाच प्लॉटवर वेगवेगळं घर बांधायला लागतात आणि डेटा हातचा जातो.

३. १ टीबीची डिस्क घेतली, दिसतात ९३१ जीबीच. फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजतात. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्या हिशेबाने ते ९३१ भरतात. मागणीपत्रात नेहमी टीबी की टीआयबी ते स्पष्ट लिहा. १०० टीबीवर हा फरक ९ टीआयबीच्या आसपास जातो.

४. रेड ५ घ्यावा, ६ की १०? आणि रेड असेल तर बॅकअपची गरज काय?

रेड ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधातून रूढ झाली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त छोट्या डिस्क एकत्र वापरायच्या, आणि एखादी गेली तरी काम चालू ठेवायचं.

४ टीबीच्या ८ डिस्क आहेत असं धरा. रेड ५ मध्ये २८ टीबी वापरायला मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये २४ टीबी आणि कोणत्याही दोन गेलेल्या चालतात. रेड १० मध्ये १६ टीबी, आणि प्रत्येक जोडीतली एक गेलेली चालते. वेगाचा हिशेब उलटा आहे. एका छोट्या राइटसाठी रेड ५ ला डिस्कवर ४ कामं करावी लागतात (जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा परत काढायचा हिशेब, वाच, दोन्ही नव्याने लिही), रेड ६ ला ६, आणि रेड १० ला फक्त २. म्हणून सतत लिहिणाऱ्या डेटाबेसला रेड १०, आणि फाइली व संग्रहासाठी रेड ६. मोठ्या डिस्कवर रेड ५ मी आता कुणालाच सुचवत नाही. बदललेली डिस्क पुन्हा भरायला कित्येक तास लागतात, त्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क तळापासून वाचल्या जातात, आणि त्यातली दुसरी गेली तर सगळंच गेलं.

बॅकअपचं उत्तर छोटं आहे. तुम्ही फाइल डिलीट केली तर रेड ती सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे डिलीट करतो. तो डिस्क बिघडण्यापासून वाचवतो, माणसाच्या चुकीपासून नाही.

५. लन म्हणजे काय? आमच्या सर्व्हरला दुसऱ्याच सर्व्हरचा लन दिसतोय, हे धोक्याचं आहे का?

अनेक डिस्कांची पेटी असलेल्या मोठ्या स्टोरेज अ‍ॅरेमधून सर्व्हरला जो तुकडा डिस्क म्हणून दाखवला जातो, त्याला लन म्हणतात. सर्व्हरला ती साधी डिस्कच वाटते.

आणि हो, धोक्याचं आहे, आजच बंद करा. फायबर चॅनलच्या, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या खास जाळ्यात दोन दारं असतात. पहिलं दार स्विचवरचं झोनिंग: कोणता पोर्ट कोणत्या पोर्टशी बोलू शकतो. दुसरं अ‍ॅरेवरचं लन मास्किंग: कोणत्या सर्व्हरला कोणता लन दिसतो. ओळख पटते ती डब्ल्यूडब्ल्यूएन या ६४ बिटांच्या क्रमांकावरून. आयएससीएसआयमध्ये (साध्या नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) नेहमीचा पोर्ट ३२६०, ओळख आयक्यूएन नावावरून, आणि जोडीला चॅपचा पासवर्ड ठेवता येतो. तुमच्या बाबतीत बहुधा मास्किंगमध्ये चुकीचा होस्ट ग्रुप जोडला गेला आहे. नुसतं दिसल्याने डेटा बिघडत नाही. पण नवी डिस्क आली समजून कुणी त्यावर लेबल लिहिलं की बिघडतो (प्रश्न १८).

एकच लन दोन-चार वेगवेगळ्या नावांनी दिसत असेल, तर ते बहुधा एकाच लनकडे जाणारे वेगवेगळे रस्ते आहेत. त्यासाठी मल्टिपाथ चालू करा आणि नेहमी मल्टिपाथचंच नाव वापरा.

६. ६४०, ७५०, ७५५ हे आकडे लक्षातच राहत नाहीत.

हे फाइलच्या परवानग्यांचे आकडे. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. बेरीज करा. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. ६४० म्हणजे मालक वाचतो-लिहितो, ग्रुप फक्त वाचतो, बाकीच्यांना काही नाही. डिरेक्टरीवर 'चालवणं' याचा अर्थ आत शिरणं.

इथे एक जागा भल्याभल्यांना चकवते. तपासणी मालकापासून सुरू होते आणि जो गट आधी जुळला तिथेच थांबते. फाइल ०४० असेल तर ग्रुपमधले ती वाचतील आणि मालकाला मात्र नकार मिळेल. मालक ग्रुपमध्ये असला तरीही.

७. फाइल फक्त वाचायला दिली होती, तरी त्या पोराने डिलीट केली. कशी काय?

डिलीट करण्याचा अधिकार फाइलवर नसतो, ती ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीवर असतो. डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. यादीत खाडाखोड करायची मुभा असलेला माणूस कोणतंही नाव खोडू शकतो, मग फाइल कुणाचीही असो.

सगळ्यांनी मिळून वापरायच्या डिरेक्टरीवर स्टिकी बिट लावा. मग ज्याची फाइल तोच ती काढू शकतो (किंवा डिरेक्टरीचा मालक आणि रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर). टेम्प डिरेक्टरी १७७७ असते ती यासाठीच. एका टीमच्या फोल्डरला २७७० द्या. त्यातला २ म्हणजे सेट-जीआयडी, त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल टीमच्या ग्रुपचीच होते. दोन्ही हवं असेल तर ३७७०.

८. चमॉड ७७७ केलं तरी 'परमिशन डिनाइड'च येतं!

पहिली गोष्ट, चमॉड ही परवानगी बदलणारी कमांड आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं; ते आधी परत काढा. आता कारण शोधू. वरच्या एखाद्या डिरेक्टरीत शिरायचा अधिकार नसेल तर आतली फाइल कितीही उघडी असली तरी हात पोचत नाही, म्हणून मुळापासून प्रत्येक पायरी तपासा; 'नेमआय' कमांडला एल पर्याय देऊन पूर्ण पाथ दिला की एका नजरेत दिसतं. तिथे सगळं ठीक असेल तर फाइल सिस्टीम रीड-ओन्ली माउंट झाली आहे का ते पाहा. डिस्कमध्ये दोष आला की कर्नल अनेकदा ती आपणहून रीड-ओन्ली करतो, आणि तेव्हा परवानगी सोडून डिस्कची तब्येत बघावी लागते. त्यानंतर एसई-लिनक्स, म्हणजे लेबलांवर चालणारी लिनक्सची जादा सुरक्षा. वेब सर्व्हरचं फोल्डर नव्या व्हॉल्यूमवर हलवलं की लेबल चुकतं आणि वेब सर्व्हर अडतो, रिस्टोअरकॉन चालवल्यावर सुटतो. नेटवर्कवरचं फोल्डर असेल तर प्रश्न १३.

७७७ ने काय बिघडतं तेही सांगतो, कारण 'चालतंय ना' हे उत्तर मी फार वेळा ऐकलं आहे. ते लावल्यावर सर्व्हरवरची प्रत्येक प्रक्रिया, वेबवरून आत शिरलेली परकी स्क्रिप्टसुद्धा, तिथे लिहू शकते. आणि पूर्ण झाडावर ७७७ लावल्यावर आधी कुणाला काय परवानगी होती याची कुठेच नोंद उरत नाही. कुलूप नंतर पुन्हा लावता येतं, पण कोणत्या दाराला कोणतं कुलूप होतं हे आठवणार कोण?

९. मला रूट नको, नुसतं 'डिस्क' ग्रुपमध्ये टाका म्हटलं तर आमचे सीनियर नाही म्हणतात. इतकं काय त्यात?

तुमचे सीनियर बरोबर आहेत. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर मला हेच वाटतं.

बहुतेक लिनक्सवर डिस्कची डिव्हाइस फाइल रूटच्या मालकीची, 'डिस्क' ग्रुपची आणि ६६० असते. म्हणजे या ग्रुपमधला माणूस डिस्कचे कच्चे ब्लॉक थेट वाचू शकतो आणि लिहूही शकतो. फाइलच्या परवानग्या फाइल सिस्टीम तपासते. कच्च्या ब्लॉककडे जाणारा फाइल सिस्टीमच्या दारातून जातच नाही. त्याला ६०० लावलेली पगाराची फाइल दिसते. 'डीबगएफएस'सारख्या साधनाने पासवर्डचे हॅश असलेली फाइल वाचता येते. लिहिण्याचा अधिकार असल्याने तो स्वतःला रूटही करून घेऊ शकतो. लेआउटच्या भाषेत सांगायचं तर या माणसाला घराची किल्ली दिलेली नाही, पण भिंतीखालून भुयार खणायची परवानगी दिली आहे.

त्यामुळे 'डिस्क' ग्रुपचं सदस्यत्व म्हणजे वेगळ्या नावाने दिलेलं रूट. रूट देताना आपण दहादा विचार करतो, कुणाची तरी सही घेतो. ग्रुपमध्ये टाकताना तेवढा विचार होत नाही, म्हणून मला हे जास्त धोक्याचं वाटतं. व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल वाचू शकणारा, स्टोरेज अ‍ॅरेवर लनची प्रत काढू शकणारा, बॅकअपमधून कुठेही रिस्टोअर करू शकणारा, हे सगळे याच जातीचे अधिकार. अधिकारांची यादी करता तेव्हा ही माणसं रूटच्याच रकान्यात लिहा.

डेटा खरंच नाजूक असेल, तर त्यावर इलाज एन्क्रिप्शनचा, आणि तो ॲप्लिकेशन किंवा डेटाबेसच्या पातळीवर. फक्त डिस्कच्या पातळीवरचं एन्क्रिप्शन चोरीला गेलेल्या डिस्कपासून वाचवतं. चालू सर्व्हरवर उघडलेला व्हॉल्यूम वाचणाऱ्यापासून वाचवत नाही.

१०. मग रात्रपाळीच्या मुलांना व्हॉल्यूम वाढवण्याइतकाच अधिकार कसा द्यायचा?

सुडोतून (ठरावीक कमांड रूट म्हणून चालवू देणारी सोय), पण हात आखडून. सुडोअर्स फाइल नेहमी व्हिसुडोनेच उघडा, ती सेव्ह करताना व्याकरण तपासते. साध्या एडिटरमध्ये एक अक्षर चुकलं तर सगळ्यांचं सुडो बंद पडू शकतं.

व्हॉल्यूम वाढवणारी एलव्हीएक्सटेंड ही कमांड मोकळी देऊ नका. रूटच्या मालकीची, इतर कुणाला बदलता न येणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहा. ती व्हॉल्यूमचं नाव ठरलेल्या यादीत आहे का बघेल, ग्रुपमध्ये किती जागा उरेल ते तपासेल, मर्यादेपेक्षा जास्त मागितलं तर नाही म्हणेल, आणि मग वाढवेल. सुडोत फक्त त्या स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या. स्क्रिप्ट ज्या डिरेक्टरीत आहे ती डिरेक्टरीही रूटचीच हवी. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

दोन सापळे नेहमीचे. सुडोतून व्हीआय किंवा लेस दिलं तर त्यांच्या आतून शेल उघडतं, म्हणजे पूर्ण रूट दिलं गेलं. आणि कमांडच्या पुढे तारा टाकून 'काहीही चालेल' असं लिहिलं, तर तो तारा स्पेससुद्धा मान्य करतो, त्यामुळे तुमच्या मनात नसलेले पर्याय त्यातून घुसतात.

स्टोरेज अ‍ॅरेचे अधिकार यापेक्षा वेगळे असतात, सर्व्हरच्या रूटशी त्यांचा संबंध नाही. तिथे सहसा फक्त पाहणारा, स्टोरेज सांभाळणारा आणि युजर सांभाळणारा अशा तयार भूमिका मिळतात. रात्रपाळीला पाहणारा पुरतो. सगळ्यांनी मिळून एकच 'अ‍ॅडमिन' लॉगिन वापरणं आजच थांबवा, नाहीतर लन कुणी काढला हे लॉगवरून कधीच कळणार नाही.

११. ग्रुपमध्ये टाकलं म्हणतात, पण मला अजून ॲक्सेस नाही.

लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, विंडोजवरही तसंच. उलट बाजूही लक्षात ठेवा: ग्रुपमधून काढलेल्या माणसाचं सेशन चालू असेल तोवर त्याचा जुना अधिकार चालू राहतो.

१२. विंडोजवर शेअरला 'फुल कंट्रोल' दिला, तरी युजरला फाइल सेव्ह करता येत नाही.

विंडोजवर नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन चाळण्या लागतात, शेअरची आणि एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टीमची. दोन्हींतली जी जास्त कडक, ती लागू. त्याच मशीनवर बसून काम करणाऱ्याला फक्त एनटीएफएसची. माझी पद्धत अशी की शेअरवर अधिकृत युजरना बदल करण्याइतकी मोकळीक ठेवायची आणि खरा बंदोबस्त एनटीएफएसमध्ये करायचा. दोन्हीकडे बारकावे लिहिले की सहा महिन्यांनी स्वतःलाच उलगडत नाही.

नकार होकारावर मात करतो हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण त्याला अपवाद आहे. फाइलवर थेट दिलेला होकार हा वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या नकारापेक्षा वरचढ ठरतो. आणि फाइल त्याच व्हॉल्यूममध्ये हलवली तर ती स्वतःच्या जुन्या परवानग्या सोबत नेते, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. अकाउंट्सच्या फोल्डरमधून हलवलेली फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये येऊनही उघडत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं.

१३. एनएफएसवर मी रूट असूनही फाइल लिहिता येत नाही. आणि मालकाच्या जागी भलत्याचंच नाव दिसतं.

पहिलं मुद्दाम केलेलं आहे. नेटवर्कवरून फोल्डर वापरायला देणारा एनएफएस सर्व्हर रूट स्क्वॅश करतो, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या रूटला तिथे 'नोबडी' मानतो, सहसा यूआयडी (युजरचा क्रमांक) ६५५३४. नाहीतर कुणीही आपला लॅपटॉप जोडून स्वतः रूट होऊन सगळ्यांच्या फाइली उचलल्या असत्या. अडचण आली म्हणून हे बंद करू नका, ज्या युजरला लिहायचं आहे त्याच युजरने लिहा.

दुसऱ्याचं कारण असं की साध्या एनएफएसमध्ये नाव जात नाही, आकडा जातो. एका सर्व्हरवर १००५ म्हणजे बॅकअपचा युजर आणि दुसऱ्यावर १००५ म्हणजे एखादी ट्रेनी मुलगी, असं असेल तर बॅकअपच्या सगळ्या फाइली तिच्या होतात. सगळीकडे यूआयडी एकच ठेवा, त्यासाठी एलडॅपसारखी मध्यवर्ती यादी लागते. आणखी एक मर्यादा: या साध्या पद्धतीत एका युजरचे १६ च ग्रुप पुढे जातात. सतराव्या ग्रुपमुळे मिळणारा अधिकार कारण न सांगता गायब होतो.

१४. डिव्हाइसला चाऊन करून डेटाबेसच्या युजरला दिलं. रीबूटनंतर पुन्हा रूट!

चाऊनने मालक बदलतो, पण डिव्हाइस फाइलींची डिरेक्टरी प्रत्येक बूटला नव्याने तयार होते, तुमचा बदल त्यात टिकत नाही. लिनक्सवर यूडेव्हचा (डिव्हाइस फाइली सांभाळणारी सेवा) नियम लिहा आणि त्यात लनच्या कायमच्या ओळखीवरून मालक, ग्रुप आणि मोड द्या. व्हेरिटासमध्ये व्हीएक्सएडिटने व्हॉल्यूमचा युजर, ग्रुप आणि मोड ठरवा, ते डिस्क ग्रुपच्या नोंदीतच राहतं आणि दुसऱ्या सर्व्हरवर इम्पोर्ट केल्यावरही सोबत येतं.

१५. डीएफ म्हणतं १०० टक्के भरली, डीयू म्हणतं निम्मीच. खरं कोण?

दोघंही. डीएफ फाइल सिस्टीमची भरलेली जागा सांगतं, डीयू दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करतं. कुणीतरी मोठा लॉग डिलीट केला आहे, पण ज्या प्रक्रियेने तो उघडला होता ती अजून चालू आहे. नाव गेलं म्हणून डीयूला दिसत नाही. जागा मात्र ती प्रक्रिया फाइल सोडेपर्यंत सुटत नाही. एलएसओएफला अधिक एल १ हा पर्याय दिला की अशा फाइली दिसतात. ती सेवा रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी लॉग डिलीट न करता रिकामा करा.

१६. जागा शिल्लक आहे, तरी 'नो स्पेस लेफ्ट'.

डीएफला आय पर्याय देऊन इनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) बघा. लाखो छोट्या फाइली (मेलची रांग, पीएचपीची सेशन्स) इनोड संपवतात. इनोड ठीक असतील आणि फक्त साध्या युजरलाच अडत असेल, तर ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममधली रूटसाठी राखीव जागा कारण आहे. ती सवयीने ५ टक्के असते, म्हणजे १० टीबीवर अर्धा टीबी. फक्त डेटा ठेवायच्या व्हॉल्यूमवर ती १ टक्का केली तरी हरकत नाही, सिस्टीम असलेल्या मुळाच्या व्हॉल्यूमवर तशीच राहू द्या. यातलं काही नसेल तर युजरचा कोटा तपासा.

१७. व्हॉल्यूम वाढवला, पण डीएफमध्ये फरकच नाही. आणि चुकून जास्त वाढवला तर कमी करता येईल का?

प्लॉट मोठा झाला, घर तेवढंच राहिलं. ईएक्सटी४ ला रीसाइझ२एफएस, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमला एक्सएफएस-ग्रोएफएस चालवा. किंवा एलव्हीएक्सटेंडलाच आर पर्याय द्या, ते दोन्ही करतं.

कमी करणं वेगळं प्रकरण आहे. एक्सएफएस रोजच्या कामात लहान करता येत नाही असंच धरून चला: नवा व्हॉल्यूम करा आणि डेटा हलवा. ईएक्सटी४ अनमाउंट करून लहान होतं, पण आधी फाइल सिस्टीम आणि मगच व्हॉल्यूम. क्रम उलटला तर घर उभं असताना खालचा प्लॉट कापला जातो. म्हणून वाढवताना नेहमी थोडं वाढवा आणि उरलेली जागा ग्रुपमध्ये मोकळी राहू द्या.

१८. चुकीच्या डिस्कवर कमांड चालली तर? आणि ते टाळायचं कसं?

हे मी पाहिलं आहे. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत, रविवारी रात्री, देखभालीसाठी सर्व्हर रीबूट केला होता. नवा लन आला होता आणि दुपारी त्याचं नाव एसडीसी होतं. रीबूटनंतर नावं सरकली: आता एसडीसी म्हणजे पगाराच्या डेटाची डिस्क, जी अजून माउंट केलेली नव्हती. ती माउंट असती तर एलव्हीएमने स्वतःच नकार दिला असता. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने दुपारच्या कागदावरून पीव्हीक्रिएट (डिस्कवर एलव्हीएमचं लेबल लिहिणारी कमांड) टाइप केलं. स्क्रीनवर एक ओळ आली: यावर एक्सएफएसची सही सापडली आहे, पुसू का, वाय की एन? नव्या कोऱ्या डिस्कवर एक्सएफएस कुठून आलं, हा प्रश्न आम्हा दोघांनाही त्या क्षणी पडला नाही. त्याने वाय दाबलं. तिथे थांबलो असतो तर डेटा वाचवायला वाव होता, पण पुढे ग्रुप झाला, व्हॉल्यूम झाला, नवी फाइल सिस्टीमही झाली. शनिवारच्या रात्रीची टेप होती म्हणून निभावलं. रिस्टोअर संपलं तेव्हा उजाडलं होतं आणि रस्त्यावर पोह्यांचे ठेले लागले होते.

तेव्हापासून मी एसडीबी, एसडीसी ही नावं कागदावर लिहीत नाही. डिस्क-बाय-आयडी मधलं कायमचं नाव किंवा डब्ल्यूडब्ल्यूएन लिहितो. लिहिणारी कमांड चालवण्याआधी एलएसबीएलकेमध्ये आकार आणि फाइल सिस्टीम पाहतो. दुसरा माणूस अ‍ॅरेच्या स्क्रीनवरून डब्ल्यूडब्ल्यूएनची शेवटची सहा अक्षरं मोठ्याने वाचतो आणि मी माझ्या स्क्रीनवर जुळवतो. मिनिटभराचं काम आहे. आणि 'पुसू का' असा प्रश्न आला की उत्तर एन, मग शोध घ्यायचा.

चूक होऊनच गेली तर त्या डिस्कवर आणखी एकही कमांड चालवू नका. एलव्हीएम आपल्या नोंदींची जुनी प्रत इटीसीमधल्या एलव्हीएमच्या फोल्डरात ठेवतं, व्हीजीसीएफजी-रिस्टोअरने ती परत आणता येते. फक्त व्हॉल्यूमचा नकाशा पुसला असेल तर एवढ्यावरही सुटका होते.

१९. रोज स्नॅपशॉट घेतो, तो बॅकअप म्हणून चालेल?

नाही. स्नॅपशॉट म्हणजे डेटाचं त्या क्षणाचं चित्र, आणि तो बहुधा मूळ डेटाच्याच डिस्कवर टेकून उभा असतो, ती गेली की तोही गेला. चुकून डिलीट झालेलं परत मिळवायला मात्र उत्तम. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर, हा जुना नियम अजून खरा आहे.

परवानगीच्या बाजूने एक कमी माहीत असलेली गोष्ट: आज तुम्ही फाइल ६०० केलीत तरी कालच्या स्नॅपशॉटमध्ये ती ६४४ च आहे. युजरना स्नॅपशॉटचं फोल्डर उघडता येत असेल, तर कालपर्यंत उघडं असलेलं सगळं अजून उघडंच आहे.

२०. एसीएलने एकीला लिहायचा अधिकार दिला होता. नंतर कुणीतरी चमॉड केलं आणि तिचा अधिकार गेला, पण यादीत नाव तर आहे!

एसीएल (नावानिशी वेगळा अधिकार देणारी यादी) लावलेल्या फाइलवर मधला आकडा ग्रुपचा राहत नाही, तो मास्क होतो: नावाने दिलेल्या सगळ्या अधिकारांची कमाल मर्यादा. चमॉड ६४० केलं की मास्क 'फक्त वाचा' होतो आणि तिचा लिहायचा अधिकार कागदावरच राहतो. गेटएफएसीएल चालवा, तिच्या ओळीपुढे 'इफेक्टिव्ह' म्हणून खरा अधिकार दिसेल. एलएसमध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की चमॉडला हात लावू नका, सेटएफएसीएलच वापरा.

२१. सोडून गेलेल्या माणसाचं खातं काढलं. त्याच्या फाइलींचं काय?

फाइलींवर नुसता आकडा उरतो. उद्या नव्या माणसाला तोच यूआयडी मिळाला तर जुन्याच्या सगळ्या फाइली न मागता त्याच्या होतात. म्हणून खातं लगेच पुसू नका, आधी लॉक करा. फाइंडने त्या यूआयडीच्या फाइली शोधून त्यांचा मालक बदला, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि एसएसएचच्या किल्ल्या तपासा, आणि तो आकडा पुन्हा कधी वापरू नका. अ‍ॅरे, फायबर स्विच आणि बॅकअप सॉफ्टवेअरवरची त्याची खाती वेगळी असतात, तीच नेमकी विसरली जातात.

२२. ऑडिटर 'स्टोरेजचा ॲक्सेस कुणाकुणाला' विचारतात. काय दाखवू?

रूट आणि सुडोची यादी तर दाखवाच, पण प्रश्न ९ मधली सगळी माणसंही दाखवा. कुणाला, कशासाठी, कुणाच्या मंजुरीने, कधीपर्यंत, एवढं लिहिलेलं असलं की पुरतं. लॉग सांभाळा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉग ज्या सर्व्हरचे आहेत त्याच सर्व्हरवर ठेवले तर तिथला रूट ते बदलू शकतो, म्हणून ते दुसरीकडे पाठवा.

२३. सर्व्हर रूमचा एसी मे महिन्यात दम तोडतो. कूलर लावला तर?

लावू नका. पारा ४५ च्या वर गेला की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरात जीव वाचवतो, पण तो हवेत ओलावा सोडतो आणि मशीनला ओलावा सोसत नाही. रॅकमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत ठेवावी अशी ॲशरे या संस्थेची शिफारस आहे. दोन एसी आलटूनपालटून चालवा. एसी बंद पडलाच, तर कमी महत्त्वाचे सर्व्हर नीट बंद करून उष्णता कमी करा.

उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून या खोलीचं दार दिवसभर उघडं ठेवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. डिस्क हाताने बाहेर ओढता येते. या दाराची किल्ली म्हणजेही डिस्कचा अधिकार, आणि तो प्रश्न ९ च्याच यादीत येतो.

२४. जुन्या डिस्क भंगारात द्यायच्या आहेत. फॉरमॅट केलं की झालं ना?

फॉरमॅटने घराचा नकाशा जातो, सामान तिथेच राहतं. फिरत्या डिस्कवर पूर्ण भागावर एकदा नव्याने लिहा. एसएसडीवर तेवढं पुरत नाही, कारण ती काही ब्लॉक स्वतःकडे राखून ठेवते आणि तुमचं लिहिणं तिथे पोचत नाही. तिथे बनवणाऱ्याचीच सिक्युअर इरेज सोय वापरा. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली नष्ट केली की काम झालं. सुरूच न होणाऱ्या डिस्कवर यातलं काहीच चालत नाही, ती छिद्रं पाडून किंवा चुरा करूनच द्या, आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच. वॉरंटीत बदलून घेतानाही जुनी डिस्क परत जाते हे लक्षात ठेवा. ती ठेवून घेण्याची सोय करारात मागून घेता येते. देण्याआधी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, पुसण्याची पद्धत आणि पुसणाऱ्याची सही वहीत लिहा, आणि केंद्राच्या पावतीवरचे नंबर तिथेच उभं राहून जुळवून घ्या.